कंबरेचा वळ आणि न भरणारी जखम



बेंदराच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. जुवाने घासून घट्टा पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळताना घरधनी हाताने चाचपून बघतो. कातडी तडकली आहे का, सूज आहे का, कुठे पू धरला आहे का. शिंगे तासतानाही त्याची नजर असते. शिंग बुडाशी मऊ लागले, एका बाजूला कलले, बैल सारखे डोके झाडू लागला आणि त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येऊ लागले, तर जाणता शेतकरी पशुवैद्याकडे धावतो. तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. आपल्या देशी, ओढकामाच्या बैलांत हा रोग जास्त दिसतो. जुवाचे आणि दोराचे घर्षण, शिंगांची तासातासी यांचा त्याच्याशी संबंध असावा असे पशुवैद्य मानतात.

आता मला सांगा, ज्या घरात बैलाचा खांदा इतक्या काळजीने बघितला जातो, त्या घरात आजीची कंबर शेवटची कोणी बघितली?

हसू नका. आजचा विषय उसाचा नाही, खताचा नाही, आपल्या स्वतःच्या कातडीचा आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण गावोगावच्या बैठकांना तीस वर्षे जाऊन बसलो आणि जे डोळ्यांनी बघितले, त्याला डॉक्टरांनी अभ्यास करून छापलेल्या माहितीची जोड मिळाली, म्हणून लिहितो आहे.

कातडीचा कॅन्सर म्हटले की शहाणी माणसे म्हणतात, तो गोऱ्या लोकांचा रोग. ते अगदीच खोटे नाही. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तीन माणसांतील दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, तो मुख्यतः उन्हाने. आपल्या कातडीत काळे रंगद्रव्य भरपूर असते. ते म्हणजे निसर्गाने डोक्यावर धरलेली छत्रीच. त्यामुळे जन्मभर उन्हात राबूनही आपल्यात हा रोग कमी. देशातल्या सगळ्या कॅन्सरांत त्याचा वाटा शेकडा एक-दोनच्या घरात धरतात. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. आपल्याकडे तो वेगळ्या वाटेने येतो. उघड्या तोंडावर, हातावर येण्यापेक्षा तो झाकलेल्या जागी, जुन्या खुणेवर, जुन्या व्रणावर, नाहीतर तळपायाला येऊन बसतो, आणि नेमके तिथेच कोणी बघत नाही.

या गोष्टीचा शोध लागला तोही आपल्याच महाराष्ट्रात. मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे थोर रोगनिदानतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत काहींच्या कंबरेवर, बरोबर धोतराची गाठ बसते त्या पट्ट्यात कॅन्सरची जखम दिसू लागली. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कॅन्सरांच्या त्या निबंधात हा एक प्रकार होता. तेव्हापासून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘धोतराचा कॅन्सर’ हेच नाव पडले आहे. काश्मिरात थंडीसाठी लोक निखाऱ्यांची कांगडी अंगरख्याच्या आत पोटाशी धरून बसतात. त्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर असाच कॅन्सर होतो, हे तर एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांनी लिहून ठेवले होते.

धोतर गेले, पायजमे आले, म्हणून गोष्ट संपली असे वाटेल. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची. साडीखाली परकराची नाडी घट्ट आवळण्याची जन्मभराची सवय. उजव्या कुशीला कंबरेवर जखम झाली, ती दीड वर्ष भरली नव्हती. दुसरी साठी उलटलेली. ती परकराशिवाय लुगडे नेसणारी, चाळीस वर्षे रोज कंबरेला घट्ट कसून. तिचीही जखम उजव्या कुशीलाच, दोन वर्षांची. दोघींच्या जखमेचा तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

दीड वर्ष आणि दोन वर्षे, एवढे लक्षात ठेवा. उसाचे एक पीक लागणीपासून तोडणीपर्यंत जाते, तेवढा काळ या बायका जखम लुगड्याखाली घेऊन वावरत होत्या.

आपल्या पन्हाळा, राधानगरी, भुदरगड भागात अजून नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या भरपूर आहेत. भांगलायला, रोप लावायला वाकायचे तर लुगडे सैल चालत नाही, हे मला कळते. एका बैठकीत मी हा विषय काढला, तशी मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “आवं सायब, त्यो काळा पट्टा काय आजचा हाय व्हय? लुगडं नेसाय लागल्यापासनं हाय!” बाकीच्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या कंबरेला तो पट्टा असणार. म्हणून घाबरायचे कारण नाही. काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. शंभर बायकांना पट्टा पडतो, त्यातल्या क्वचित एखादीला पुढचा त्रास होतो. पण ती एखादी कोण, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनीच बघत राहायचे.

हे होते कसे, तेही सांगतो. रोजचा दाब, घासणे, त्यात घाम, मीठ आणि मातीची बारीक कच. आधी कातडी काळवंडते, जाड होते, खाज येते. मग तिचा रंग जाऊन पांढुरके चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. नंतर बारीक चीर पडते, भरते, पुन्हा पडते. दर वेळी जखम भरायला शरीराला नव्या पेशी तयार कराव्या लागतात. वर्षानुवर्षे हेच चालले की एखादी पेशी बिघडते आणि वाढ थांबवायचा हुकूम मानत नाही. जुन्या व्रणाच्या निबर कातडीत रक्ताचा पुरवठाही कमी, त्यामुळे बिघडलेल्या पेशीला हुडकून मारणारी शरीराची राखणही तिथे दुबळी पडते.

जुन्या व्रणावर येणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन हे फ्रान्सचे शल्यवैद्य. व्रणावर उठणाऱ्या अशा जखमांचे वर्णन त्यांनी १८२८ साली केले. आणि इथे आपल्या जिल्ह्याचा खास संबंध येतो, कारण असा कॅन्सर सर्वांत जास्त येतो तो भाजल्याच्या जुन्या व्रणावर.

कोल्हापूरच्या गुळाचे नाव सगळीकडे आहे, पण तो गूळ करताना भाजलेल्या हातापायांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. काहिलीतला रस गुळाच्या पाकावर येतो तेव्हा तो ११५ ते १२० अंशांवर असतो. उकळत्या पाण्यापेक्षा जास्त गरम, शिवाय चिकट. पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक चिकटून बसतो आणि खोल भाजतो. काहील उतरून वाफ्यात ओतताना पाय घसरला, चुलवाणाला जाळ घालताना भडका आला, असे प्रसंग जुन्या गुऱ्हाळवाल्या प्रत्येक गावात घडलेले आहेत. बायकांचे चुलीवर आणि स्टोव्हवर भाजणे तर घरोघरचे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. गाव सांगत नाही. ऐन बाविशीत गुऱ्हाळावर पोटरीवर पाक सांडला. चार महिन्यांनी जखम भरली, पोटरीवर सुरकुतलेला, चकचकीत व्रण राहिला. त्यावर त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे शेती केली, मुलींची लग्ने केली. साठीच्या जवळ आल्यावर खोडव्यात पाचट आवरताना त्याच व्रणाला कापले. ते भरेना. हळद झाली, कुणी दिलेली पूड झाली, नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शने झाली, मोरचुदाचे पाणी झाले. जखमेची कड बांधासारखी वर आली, वास येऊ लागला, तरी “दुखत न्हाई, मग कशाला जायाचं?” म्हणून दीड वर्ष गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा रोग हाडापर्यंत गेला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आज ते कुबडी घेऊन गोठ्यात येतात, म्हशींवर नजर ठेवतात, पण बांध काही त्यांना ओलांडता येत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुकडा तपासला असता तर तेवढी जागा कापून, वर मांडीची कातडी लावून पाय वाचण्याची पुष्कळ आशा होती.

भाजल्यापासून कॅन्सर व्हायला साधारणपणे वीस-तीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. त्यामुळे माणूस भाजल्याचे विसरलेला असतो. घरात कोणाच्या अंगावर भाजल्याचा मोठा व्रण असेल, तर तो किती सालचा आहे हे आजच आठवून ठेवा. तीच गोष्ट पायावरच्या वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमांची. फुगलेल्या निळ्या शिरांमुळे घोट्याजवळ होणारी जखम, हाडातून पू येणारे जुने नाडीव्रण, कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसाच्या बधिर तळव्याची जखम, यांवरही असा कॅन्सर उठू शकतो.

आता तळपायाकडे या. काळ्या तिळासारखा वाढणारा एक भयंकर कॅन्सर आहे, मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पिंढरीवर येतो. आपल्या लोकांत येतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली येतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. शेतकऱ्याच्या तळपायाला काळे काही दिसले की तो म्हणतो काटा मोडलाय, कुरूप झालंय, नाहीतर दगड लागून रक्त साकळलंय. बहुतेक वेळा ते तसेच असते. पण साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत निघून जाते. न सरकता पसरणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, कुठे काळा कुठे तपकिरी असा डाग, किंवा एकाच नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ, ही मात्र लगेच दाखवायची. हा रोग बारीक दिसतो, पण आत लवकर पसरतो.

गावात एखादे सूर्यमुखी माणूस असते. जन्मतः केस, कातडी पांढरी, उन्हात डोळे मिटतात. त्यांच्याकडे ती काळ्या रंगाची छत्री नाही. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या माणसापेक्षाही ऊन वाईट. अशा मुलाला गुरांमागे दुपारी पाठवू नये, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी द्यावी, आणि वर्षातून निदान दोनदा कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे.

बघायचे कसे? त्याला यंत्र लागत नाही. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, आंघोळीच्या वेळी. अमावास्या लक्षात राहते, तर अमावास्येला बघा. सुनेने सासूची पाठ चोळताना कंबरेचा पट्टा बघावा, नवऱ्याची पाठ बायकोने बघावी, बायकोची नवऱ्याने. यात लाज कसली? नाडीची, करदोड्याची जागा, जांघा, तळपाय, बोटांच्या बेचक्या, वीसही नखे, कानामागे, खालचा ओठ, केसांचा भांग आणि अंगावरचा प्रत्येक जुना व्रण. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा तळपाय दिसत नाही. तिथे नातवंडांना बसवा. त्यांची नजर तेज असते आणि त्यांना अशा कामाची हौसही असते. याच पाहणीत अंगावर एखादा फिकट, बधिर चट्टा दिसला तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

चार आठवड्यांत भरली नाही ती जखम डॉक्टरांना दाखवायची, मग ती दुखो वा न दुखो. तसेच कड जाड आणि वर उचललेली असणे, मधे फुलकोबीसारखी वाढ, हात लागताच रक्त येणे, घाण वास, आणि जखमेच्या वरच्या बाजूला जांघेत किंवा काखेत कडक गाठ. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण उठते हे आपल्याला ठाऊक आहे. ते दुखते आणि जखम भरली की बसते. न दुखता वाढत जाणारी गाठ वेगळी.

काय करू नये, हेही स्पष्ट सांगतो. बिब्बा घालू नका, चुना लावू नका, डाग देऊ नका. घोड्याचा केस बांधून चामखीळ पाडतात, तसे काळ्या डागाचे करू नका. मोरचूद द्राक्षाच्या वेलीसाठी आहे, माणसाच्या जखमेसाठी नाही. वरून जाळल्याने रोग आत राहतो आणि वरची खूण तेवढी पुसली जाते.

दुसरी मोठी अडचण म्हणजे “सुरी लावली की कॅन्सर पसरतो” ही समजूत. ती चुकीची आहे. जागा बधिर करून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे कोणालाही, कितीही मोठ्या डॉक्टरला, नक्की सांगता येत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, न काढता घरी बसल्याने पसरतो. लहान असताना सापडला तर भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसह तेवढा भाग कापून काढला की बहुतेकांचे काम होते.

सरकारी तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरच्यांचे तोंड, आणि बायकांचे स्तन व गर्भाशयाचे मुख तपासतात. कातडी त्या यादीत नाही. म्हणजे ही पाहणी तुमची तुम्हालाच करायची आहे. शंका आली तर आधी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बायकांना पुरुष डॉक्टरांसमोर कंबर, मांडी दाखवायला संकोच वाटतो. बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे आशाताईला विचारून त्या दिवशी जा, पण जा. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सी.पी.आर.मध्ये, कातडीच्या रोगांची तपासणी होते. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच्या अनेक शस्त्रक्रिया आणि उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा.

आणि नेसण्याचे काय? लुगडे सोडा असे मी सांगणार नाही, सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. पण परकराला सुतळीसारखी बारीक नाडी घालण्याऐवजी तीन-चार बोटे रुंद पट्टी शिवून घ्या. दाब पसरतो. लुगड्याखाली सैल परकर असू द्या. गाठ रोज एकाच जागी न मारता कधी डावीकडे, कधी उजवीकडे, थोडी वर-खाली मारा. कामावरून आल्यावर कंबर धुऊन कोरडी करा, खोबरेल लावा आणि रात्री सैल नेसा. खाज, पापुद्रे, पांढरे चट्टे सुरू झाले असतील तर ती जागा बरी होईपर्यंत तिथे काहीही आवळू नका. पुरुषांनीही विजारीची नाडी आणि करदोडा यांचा वळ बघावा, तुम्हाला यातून सूट नाही.

तपासणीला जाताना जखम पहिल्यांदा कधी दिसली तो महिना कागदावर लिहून न्या. डॉक्टर तेच पहिले विचारतात, आणि आपण “लई दिस झालं” म्हणून मोकळे होतो. तुकड्याचा अहवाल आला की त्याची एक प्रत करून घ्या आणि मूळ कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी घरात कधी हरवत नाही.